शार्दूलचं खरं वय

"तुमचं वय चौतीस," यानतळावरच्या वैद्यकीय अधिकारी बाई हसून म्हणाल्या. "उद्यापासून उड्डाणाला मोकळे!"

शार्दूल नाडकर्णीनं शेजारी पाहिलं. त्याच्या बायकोचे, मृणालचे, केस पांढरे झाले होते. तिच्यामागे कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी ईरा उभी होती. यानाच्या अपघातानंतर उपचार सापडेपर्यंत डॉक्टरांनी शार्दूलला शीतनिद्रेत ठेवलं, तेव्हा ती आईच्या पोटात होती.

कायद्यानं वय आता मेंदूतल्या घड्याळावरून ठरे, आणि मेंदू गोठवला की ते घड्याळही थांबे.

"माझं वय कॅलेंडरनं मोजा," शार्दूल म्हणाला.

"मग तुम्ही पन्नाशी ओलांडलेले. पुन्हा यान मिळणार नाही."

"अरे, चौतीसच घे ना," मृणाल कुजबुजली. "आभाळावर जीव टाकतोस तू."

"टाकतोच. पण ही काय शून्य वेळात एवढी मोठी झाली?" त्याचा आवाज चढला. "तू एकटीनं हिची दुखणी काढलीस, माझ्या उशाशी बसलीस. तो काळ झालाच नाही, असं मी लिहून देणार नाही."

"कायदा तसंच धरतो," बाई म्हणाल्या.

"धरू दे. मी नाही धरत."

त्यानं पडद्यावरचा आकडा खोडून खरं वय लिहिलं आणि अंगठा दाबला. परवाना तिथल्या तिथे रद्द झाला. त्याची मान ताठच राहिली.

बाहेर येताच त्यानं ईराला विचारलं, "चालायला शिकताना पडली होतीस का गं?"

पहिल्यांदाच अहो-जाहो सोडून ती म्हणाली, "चांगलीच आपटले होते, बाबा. ये, खूण दाखवते."