तेल जास्त झालं

"थांबा बाबा," सून म्हणाली.

सासरे जिन्याखालच्या मोकळ्या जागेत उकिडवे बसले होते. समोर तिची बॅटरीवरची सायकल स्टँडवर उभी, हातात लांब चोचीची बुधली. चाळीस वर्षं कारखान्यातल्या यंत्रांना तेल घातलेला माणूस. बुधली अशी धरायचे की बघणाऱ्याने आपसूक दोन पावलं मागे सरावं.

"आज नको तेल. चेन नवी आहे ना."

"नवी? कधी बसवली?"

"काल संध्याकाळी. जुनी जरा घसरत होती."

जरा कसली? परवा चढावर चेनने असा दगा दिला की ती भर रस्त्यात आडवी व्हायचीच बाकी होती. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या-कोताऱ्यांची मलमपट्टी करायची, इंजेक्शनं द्यायची तिची नोकरी. सायकल अडली की दिवस अडला. काल मेकॅनिकने चेन उतरवून तिच्या नाकासमोर धरली आणि म्हणाला, "ताई, तेल घालणाऱ्याचे हात आधी बांधा. धूळ बसून बसून याचं मलम झालंय. त्यात मोटरचा जोर. कड्या पार झिजल्यात."

हात बांधा म्हणे. बाबांना इथे येऊन दोन महिने झाले होते, आणि आपणहून अंगावर घेतलेलं हे त्यांचं एकमेव काम. बाकी दिवसभर ते दवाखान्यात नंबराची वाट बघत बसल्यासारखे खुर्चीच्या कडेला टेकलेले असायचे. चहा विचारला तर "असला तर चालेल." आणि दर चार-आठ दिवसांनी, "मग निघू का मी आता?" निघणार कुठे, तर मागे कुणी न उरलेल्या त्या बंद घरात. एवढं कामही काढून घेतलं तर पिशवी भरायला त्यांना कितीसा वेळ लागणार होता? नवऱ्याने तर रात्रीच हात वर केले होते. "तूच सांग बाई, मला नाही जमणार." बाप आणि लेक, एकाच माळेचे मणी.

"नव्या चेनला आधीच तेल लावलेलं असतं म्हणे," तिने रेटून सांगितलं. "सहा महिने हात लावायचा नाही."

"कोण म्हणतं?"

"मेकॅनिक."

"त्याला म्हणावं, दुसरा धंदा बघ." बाबांनी बुधली खाली ठेवली. "जुनी कुठाय?"

जुनी पुढच्या बास्केटमध्येच होती, पिशवीत. थापा मारायची सवय नसली की माणूस असा पुरावा सोबत घेऊन फिरतो. ती काही बोलायच्या आत बाबांनी चेन बाहेर काढली. एक कडी अंगठ्याने चोळली. मग कानाशी नेऊन हळूहळू दुमडली. आतली वाळू करकरली.

"ही तेलावाचून गेली नाही," ते म्हणाले. "तेलानं गेली."

ती खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा चाचपू लागली.

"आमची यंत्रं छपराखाली. घाला हवं तेवढं, जास्तीचं खाली परातीत. हिच्या वाट्याला रस्त्याची धूळ. रोज घालून घालून मी हिचा चिखल केला. अति तिथं माती म्हणतात ते काय खोटं?" बोटं फडक्याला पुसत त्यांनी वर पाहिलं. "तुला ठाऊक होतं."

"कालपासून."

"म्हणून ती सहा महिन्यांची गोष्ट."

"रोज सकाळी उठून माझ्यासाठी करता तुम्ही," ती म्हणाली. "कुठल्या तोंडानं सांगू?"

बाबा चेन पिशवीत भरू लागले.

"माझं चुकलं की मुकादम सगळ्यांदेखत आईबापाचा उद्धार करायचा. राग यायचा फार. पण कधीकधी साहेबांचे पाहुणे यायचे कारखाना बघायला. नको तिथं हात लावायचे. त्यांना कुणी काही बोलायचं नाही. हसून बाजूला करायचे नुसते." त्यांनी पिशवीला गाठ मारली. "दोन महिने झाले, पोरी. मला या घरात अजून कुणी एक शब्द बोललेलं नाही."

तिला पहिल्या घरी साडेआठला पोचायचं होतं. तरी ती बॅग खाली ठेवून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"बॅटरी काढा आधी," ती म्हणाली. यावेळी आवाजात साखर नव्हती. "रोज ती तशीच ठेवून चेनला हात घालता. मोटर चालू झाली तर बोटं जातील. मी जिन्यातून बघते आणि जीव मुठीत धरून बसते."

बाबांनी किल्ली फिरवून बॅटरी काढली.

"आज नुसतं पुसायचं. तेल पुढच्या आठवड्यात, एका कडीला एक थेंब, आणि वरचं सगळं पुसून टाकायचं. रोज नाही."

"बरं." त्यांनी फडकं उचललं.

"त्यानं नाही. ते फडकं नाहीये, माझा चांगला टॉवेल आहे."

बाबांनी टॉवेल उलटापालटा करून बघितला. "अजून?"

"टीव्ही फार मोठ्यानं लावता. खालच्या लोकांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं."

"अजून?"

"नळ नीट बंद करत नाही."

बाबांनी मान खाली घातली होती, पण खांदे गदगदत होते. घाबरून तिने वाकून पाहिलं, तर ते हसत होते.

तिने जुनी बनियन आणून दिली. चेन पुसून झाली, बॅटरी बसली. बॅग अडकवून ती फाटकापर्यंत गेली आणि एक पाय टेकून थांबली.

"बाकीचं संध्याकाळी आल्यावर सांगते."

"सावकाश ये," बाबा म्हणाले. "मी आहे इथंच."