मुकादमबाईंचे कान

"उद्यापासून तुम्ही पॅकिंगला," मॅनेजर म्हणाले.

"अं?" मुकादमबाई म्हणाल्या.

नव्या मॅनेजरनी शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाकडे पाहिलं. बघितलंस ना, असा त्यांचा चेहरा होता. बंद काचेच्या केबिनमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि टेबलापलीकडे बसलेल्या बाईंना साधं वाक्य कळू नये! त्यांनी बदलीची ऑर्डरच बाईंपुढे सरकवली. कानाच्या तपासणीत नापास. आणीबाणीची हाक ऐकू येणार नाही, सबब चाळीस यंत्रमागांची शेड यांच्या हाती ठेवता येत नाही. खाली साहेबांच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती.

बाईंनी कागद दोनदा वाचला. अकरा वर्षं त्या या शेडच्या मुकादम होत्या. मागांच्या त्या धडधडाटात बाकीचे सगळे हातवाऱ्यांवर काम भागवायचे. हाक मारली की मान वळवणाऱ्या एकट्या बाईच. आणि याच बाई घरी नवऱ्यानं शेजारी बसून चहा मागितला तरी ढिम्म! "हिला हवं तेवढंच ऐकू येतं," हे नवऱ्याचं ठरलेलं वाक्य. सासूबाई त्याच्याही एक पाऊल पुढे. "झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. बाईंनी भांडून पाहिलं, रडून पाहिलं. अलीकडे तर त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं होतं की आपण खरंच ढोंगी असू.

तपासणीत नापास झाल्यावर त्या मुकाट्यानं कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी नादकाटा गुडघ्यावर आपटून त्यांच्या कानासमोर धरला. काही नाही. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, आणि बाई दचकल्याच. आवाज थेट डोक्यात घुमत होता.

"आतली नस ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाई मोठ्यानं म्हणाल्या. "मधल्या कानातलं एक चिमुकलं हाड आखडलंय, ते आवाज आत पोचवत नाही. लहानसं ऑपरेशन करता येईल, नाहीतर यंत्र लावता येईल. आणि काय हो, गोंगाटात तुम्हाला जास्त बरं ऐकू येतं का?"

बाईंचे डोळे भरून आले. इतकी वर्षं जो आरोप म्हणून ऐकला, तो कुणीतरी पहिल्यांदाच प्रश्न म्हणून विचारत होतं.

"गोंगाट तुमच्यापर्यंत जेमतेम पोचतो," डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "आणि गोंगाटात माणसं बोलतात ती बेंबीच्या देठापासून. ते तेवढं तुम्हाला ऐकू येतं. या दुखण्याची खोडच आहे ती. घरी सांगा, डॉक्टरनं सांगितलंय म्हणावं."

आता केबिनमध्ये बाईंनी ती ऑर्डर तशीच परत सरकवली.

"ऑपरेशनची तारीख मी घेतलीय, साहेब. पण परीक्षाच घ्यायची, तर माझ्या जागेवर घ्या. माग चालू ठेवून. तिथं नापास झाले, तर माझी मी पॅकिंगला जाऊन बसेन."

मॅनेजरना हसू आलं. होऊन जाऊ दे, असं त्यांनी खुणेनंच सांगितलं. पास झालात तर हा कागद तिथल्या तिथं फाडीन, असंही कबूल केलं, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा बाईंना ऐकू आलं नाही.

शेडमध्ये चाळीसही माग धडधडत होते. बाई आणि तपासणीत अव्वल दर्जानं पास झालेले पाच कामगार ओळीनं पाठमोरे उभे राहिले, म्हणजे कुणी ओठ वाचायला नको. प्रत्येकाच्या हातात कागद आणि पेन्सिल. मॅनेजर दहा पावलं मागे थांबले आणि तोंडाभोवती हात धरून एकदाच ओरडले. मग त्यांनी वळून कारकुनाच्या कानाला तोंड लावलं. शेडमध्ये कानगोष्टसुद्धा ओरडूनच करावी लागते.

कागद गोळा झाले. मॅनेजर एकेक उलटत गेले. पहिल्यावर नुसतं "सात नंबर". दुसऱ्यावर "आग?" तिसरा कोरा. चौथ्यानं प्रामाणिकपणे "काय?" असं लिहिलं होतं, आणि पाचव्यानं चौथ्याचं बघून तेच.

शेवटचा बाईंचा. "सात नंबरच्या मागाला आग लागलीय, सगळ्यांनी मागच्या दारानं बाहेर पडा." शब्दन् शब्द बरोबर.

मॅनेजरनी तेवढी ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी खिशातून ऑर्डर काढली आणि सगळ्यांदेखत तिचे चार तुकडे केले. पाचही कामगारांनी हात उंचावून असा काही जल्लोष केला की मागांकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. बाईंनी ताठ मानेनं त्यांना मागांकडे पिटाळलं.

कारकून मात्र जागचा हलेना. तो साहेबांच्या खांद्यावरून वाकून बाईंचा कागद वाचत होता. खाली त्याच वळणदार अक्षरात आणखी एक ओळ होती :

"मग साहेब कारकुनाला म्हणाले, सहीचं पेन काढ रे, बिचारीला एक अक्षर ऐकू गेलेलं नाही."