मुद्दाम टाकलेली चूक

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा: मेहकरमधलं घर आणि लॅपटॉपसमोर बसलेला संघपाल. अनेकांनी केलेले बदल मूळ सॉफ्टवेअरमध्ये जोडण्याआधी तपासणारी यंत्रणा तो सांभाळतो. यंत्रणा नीट चालते का, हे कसं कळतं, ते त्याने लेकीला, संबोधीला, शिकवलं होतं. "मुद्दाम चूक टाकाची, अन् पकडते का ते पाहाचं."

आज शाळेतून आल्यावर तिला बाबांना काही सांगायचं होतं. पण आधी तिने बाबांनाच तपासून पाहिलं.

"बाबा, मी आज शाळेत मेली."

"हाव बाई, मस्त झालं," स्क्रीनवरून नजर न काढता तो म्हणाला.

मग आज वाटेत पिसाळलेलं कुत्रं जिथे चावलं होतं, त्या पिंढरीवर मोजा ओढून घेऊन संबोधी खेळायला निघून गेली.