गोटीचा सोडा

चमचा दातांवर खटकन आपटला आणि पेज हनुवटीवरून उशीवर उतरली. सुवर्णानं पदरानं सासऱ्याचं तोंड पुसलं. सकाळपासूनची ही पाचवी खेप. सावळीरामदादांनी ओठ आवळले ते आवळलेच.

मंगळवारपासून हे असं चाललं होतं. त्याच दिवशी दादांची थोरली बहीण कुसाबाई घोटीहून आली, पेजेसाठी तांदळाचं गाठोडं घेऊन आली, आणि भावाच्या उशाशी ठाण मांडून बसली ती हललीच नाही. तिच्यापुढं बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. सुवर्णाची सासू भागुबाई तर त्या दिवसापासून दाराआड बसून होती. थोरल्या नणंदेदेखत नवऱ्याच्या खाटेजवळ जायचं नाही, बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. नातवंडं झाली तरी भागुबाईनं ती मोडली नव्हती. आता काय बोलावं अशा माणसाला.

डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. "ताप उतरलाय. गिळायलाही काही अडचण नाही. माणूस तोंडच उघडत नसेल तर औषध काय करणार? संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात आणा, नाकातून नळी घालू. पण अंगात त्राण उरलेलं नाही. नळी सोसवेल का, ते मी सांगत नाही."

तेव्हापासून सुवर्णाची धडपड चालली होती. हा म्हातारा तिला बापापेक्षा जवळचा. दूध झालं, ताक झालं, नारळाचं पाणी झालं. काही म्हणता काही आत जाईना. तेव्हा तिला तो सोडा आठवला.

दादांना विडी नाही, तंबाखू नाही. शौक म्हणाल तर एकच. पंचवटीच्या बाजारात भाजी विकून आले की येताना गोटीच्या सोड्याची बाटली आणायची. काळी द्राक्षं मुठीत चुरडायची, लिंबू पिळायचं, काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची चिमूट टाकायची, वरून सोडा. फेस काठावर आला की ग्लास धोतराच्या सोग्यानं पुसायचा आणि विहिरीकडं चालू लागायचं. तिथं भागुबाई दुसऱ्या दिवशीच्या मेथीच्या जुड्या बांधत बसलेली असायची. थोड्या वेळानं दादा रिकामा ग्लास घेऊन परत. नातवंडांनी कितीही भोकाड पसरलं तरी त्यातला थेंब मिळायचा नाही. "तुम्हाला अख्खी बाटली आणून देतो. हा ग्लास मागू नका." एरवी हातचं देऊन टाकणारा माणूस एका ग्लासापुरता एवढा चिक्कू कसा, हे कोडं सुवर्णाला लग्न झाल्यापासून सुटलं नव्हतं.

तिनं नवऱ्याला, भारतला, पिटाळलं. काळ्या द्राक्षांचा घड घरात होता. पण गोटीची बाटली आता कुठं मिळते? जिथं तिथं रंगीत कोल्ड्रिंक. भारतनं एम-एटीवर सगळं नाशिक पालथं घातलं. शेवटी नाशिक रोडला स्टेशनबाहेर एका गाडीवर ती सापडली. गाडीवाला बाटली बाहेर नेऊ देईना, तर भारत मनगटावरचं घड्याळ काढून ठेवून आला. लग्नातलं घड्याळ.

चार वाजले होते. सुवर्णानं दादा करायचे तसंच सगळं केलं. भारतनं अंगठ्यानं गोटी दाबली. टप्प.

दादांनी डोळे उघडले.

सुवर्णानं त्यांची मान उचलून ग्लास ओठांना लावला. "दादा, तुमचा सोडा."

ओठ पुन्हा मिटले. दादांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडं, दाराकडं गेली आणि तिथंच थांबली.

"बघतोय बघ दाराकडं," कुसाबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "न्यायला आलेत त्याला. भारत, देवापुढची गंगा आण. नको आता छळ त्याचा."

भारत भिंतीकडं तोंड करून लहान पोरासारखा रडायला लागला. सुवर्णा खाटेच्या पायथ्याशी खाली बसली, दादांच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं. "एक घोट घ्या हो दादा. तुमच्या पाया पडते. एकच." ग्लासातला फेस बसत चालला होता. आणखी थोड्या वेळात त्याचं नुसतं पाणी झालं असतं. तिला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात दाराआडून बांगड्या वाजल्या. भागुबाई डोक्यावरचा पदर सावरत आत आली. नणंदेच्या समोरून सरळ खाटेपाशी गेली आणि सुनेच्या हातातला ग्लास तिनं काढून घेतला. मग सगळ्यांदेखत तो स्वतःच्याच तोंडाला लावला आणि घोट घेतला.

"भागे, डोकं फिरलं का तुझं?" कुसाबाई ताडकन उठली. "नवरा तिकडं मरायला टेकलाय, आन तू त्याच्या आधी तोंड लावती? आता उष्टं पाजती काय त्याला?"

भागुबाईनं तोच ग्लास नवऱ्याच्या तोंडाशी धरला. दादांनी तिच्याकडं पाहिलं आणि ओठ उघडले. एक घोट गेला. दुसरा गेला. त्यांचा हात वर आला आणि त्यांनी तिच्या हातासकट ग्लास धरला.

भागुबाईची मान खालीच होती.

"विहिरीवर पहिला घोट माझाच असायचा, वन्सं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली, माझ्या उष्ट्याबिगर त्यांनी ह्यो ग्लास कधी तोंडाला लावला नाय."