गुबगुबीत मासे

डासांच्या फवारणीला यायची म्हणून सगळे तिला डासताईच म्हणत. काकू गेल्यापासून काकांच्या अंगणातला पोहण्याचा तलाव शेवाळून पडला होता. त्यात डासताईनेच गप्पी मासे सोडले होते, डासांच्या अळ्या खायला. आज बघते तर मासे गुबगुबीत, अळ्या खुशाल वळवळताहेत! काठावर पावाचा चुरा दिसला, तसा तिचा पारा चढला. "काका, यांना खायला घालता? पोट भरल्यावर अळ्या कोण खाणार, मी?" काका ओशाळले. "सकाळी हात आपसूक दोन टोस्ट भाजतात गं. तिचा उरतो. टाकवत नाही." डासताईने अंगणातल्या टेबलाकडे पाहिलं. टेबलावरच्या बशीत आजचा टोस्ट अजून गरम होता. तिने हात धुतले, खुर्ची ओढली. "मासे उपाशीच बरे. मी रोज इथूनच जाते. हा टोस्ट माझा. चहा मिळेल?" काकांना उठावं लागलं नाही. दुसरा कप तिथे होताच.