जास्तीचा शब्द

बारशाचे पेढे, अर्धा किलो. डबा अजून उघडलेला नाही.

कापड विणायच्या लूमवर धागा तुटला की लूम थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. वाल्मिकचा हात यात इतका बसलेला की बघणाऱ्याला धागा तुटल्याचं कळतही नाही.

"भाई, बीजी वार दीकरो आवशे, हं!" पुढच्या वेळी मुलगा होईल. शेजारच्या चंचलबेनने जिन्यात वाल्मिकला दिलेला धीर.

डोहाळजेवणाच्या फोटोत रंजनाची साडी पोपटी आहे. आधी आणलेली गडद हिरवी होती.

तीन शब्दांचं एक वाक्य.

रंजना मनाच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. मांडीवर एकोणतीस दिवसांची मुलगी, शेजारी आई शोभाबाई. आत वाल्मिक, रंजनाचा नवरा. सकाळी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या धुडकूचा फोन आला होता. "वहिनी, भाऊ लूमपुढे नुसते उभे आहेत. धागा तुटलाय, गाठ मारत नाहीत. हात धरला तर रडायला लागले. थांबतच नाहीत. दवाखान्यात नेतोय, तुम्ही या."

शोभाबाईंचं तोंड वाटेत रिक्षात सुरू झालं होतं, ते बाकावरही सुरूच होतं.

"आता रडून काय उपयोग? मला तीन मुली झाल्या. तुझ्या बापाने एकदा तरी तोंड वाकडं केलं का?"

"मम्मी, हळू बोल ना."

"का हळू? त्याने सांगताना हळू सांगितलं होतं का?"

हळूच सांगितलं होतं. रंजनाला आता आठवलं. मुलीचा नववा दिवस. त्यांच्या डिंडोलीच्या खोलीत वाल्मिक दोरीवर लंगोट वाळत घालत होता, तिच्याकडे पाठ करून. सगळे लंगोट घालून झाले तरी दोरी धरून उभा राहिला. मग बोलला. रंजनाने ऐकलं, मुलीला उचललं आणि नवागामला आईच्या घरी निघून आली.

बारशाला तो पेढे घेऊन आला. शोभाबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "न आवडणाऱ्या पोरीचे पेढे कोण खाणार, जावईबापू?" पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. वाल्मिकने डबा पायरीवर ठेवला आणि वळला. पुन्हा तो नवागामला आला नाही.

"डॉक्टरांना सांग, नेमकं काय म्हणाला ते," शोभाबाई म्हणाल्या. "जसंच्या तसं सांग."

"तुला सांगितलंय ना. एमने दीकरी गमती नथी. त्यांना मुलगी आवडत नाही."

"हे तुझं गुजराती झालं. चार वर्षं झाली सुरतेत येऊन, वाल्मिकला अजून दुकानात दूध मागता येत नाही गुजरातीत. तो काय म्हणाला?"

रंजनाने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग तिने त्याच्यासारखंच, हळू म्हटलं, "माले गमत नही."

शोभाबाई तिच्याकडे वळल्या.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"मुलगी, पोरगी, आंडेर... काहीच नाही म्हणाला?"

"नाही. एवढंच."

तीन शब्द. डिंडोलीहून नवागामला पोचेपर्यंत त्यांचे चार झाले होते. 'दीकरी' हा शब्द रंजनाचा होता.

"अगं, ते गुजराती नव्हे." शोभाबाईंचा आवाज खाली आला. "ते आपल्या अहिराणीतलं. गमत नही म्हणजे करमत नाही. जीव लागत नाही कशात. खायला नको, उठायला नको, कुणी हाक मारली तर ओ द्यायला नको. लग्न होऊन मी सुरतेत आले ना, तेव्हा वर्षभर रोज हेच म्हणायचे मी."

"मग मला कसं नाही माहीत?"

शोभाबाई पदराचं टोक चुरगाळत बसल्या. शाळेत बाकीची पोरं हसतात म्हणून तिन्ही मुलींशी अहिराणी बोलायचं त्यांनीच बंद केलं होतं.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. आत खुर्चीत वाल्मिक बसला होता. त्याच्या कॉलरला सुताचा भुगा चिकटलेला होता. त्याने मुलीकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली, जणू पाहायची परवानगी नव्हती.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळ येतं तेव्हा बापालाही हे होतं. फक्त त्याला कुणी विचारत नाही. वेळेवर आलात तर बरं होतं. मला एवढं सांगा, यांचं हे कधीपासून आहे?"

रंजनाने आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती.

"मुलगी झाल्यापासून," रंजना म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं.

सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी, रंजनाने नवी गडद हिरवी साडी अंगावर धरून वाल्मिकला दाखवली होती. तो भिंतीकडे बघत म्हणाला होता, "माले गमत नही." ती दुकानात जाऊन साडी बदलून घेऊन आली.