रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार

शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर अजून हवेत होता आणि मागे खुर्च्या वाजू लागल्या. टप्प. टप्प. माणूस उठला की खुर्चीची बैठक आपोआप मिटते, त्याचा हा आवाज. धाकटी रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत वादकांपुढे उभी होती, प्रेक्षकांकडे पाठ करून. नाटकाचं संगीत तिचं होतं. गाणं संपलं की वळून प्रेक्षकांना नमस्कार करायचा, अशी रीत. पण तिनं वळणं केव्हाच सोडून दिलं होतं. आजही टाळी एकसुद्धा पडली नाही. नटमंडळी हातात हात घालून रांगेत उभी राहिली आणि रिकाम्या होत चाललेल्या सभागृहासमोर वाकली.

त्यांच्या मागे निळ्या कापडाची नदी अजून हळूहळू हलत होती. ते कापड दादाच्या दुकानातलं. दादा म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ. कापडाचा दुकानदार आणि या नाटकाचा निर्माता. दुकानातून या नाटकात नुसतं कापडच आलं होतं असं नाही. मधल्या भावानं तेव्हाच बजावलं होतं की असल्या नादानं घर बुडेल. दादानं ऐकलं नाही. मग दुकानाची वाटणी झाली, मधोमध भिंत उभी राहिली, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघे भाऊ न बोलता कापड मोजत राहिले.

आज दुपारी, पडदा वर जाण्याआधी, दादानं विषय काढला होता. मधेच कोणी उठून जात नाही, म्हणजे नाटक वाईट नाही, तो म्हणाला. पण शेवटी त्यांना होतं तरी काय? टाळी नाही, वाहवा नाही, बाहेर जाऊन चार जणांना सांगणं नाही. मग तिकिटं खपायची कशी? ते शेवटचं रडकं गाणं काढून टाक आणि छानसा नाच घाल. लोक हसत बाहेर पडले पाहिजेत. ते जमत नसेल तर उद्याचा प्रयोग शेवटचा.

धाकटी भांडली नाही. गाणं तसं साधंच होतं. संध्याकाळ झालेली असते. म्हातारी नावाडीण काठावर उभी राहून पैलतीराला विचारते, नाव अजून बांधली नाही, कोणी यायचं राहिलंय का? बस्स, एवढंच. तीच ओळ निरनिराळ्या सुरांतून पुन्हा पुन्हा येते, धुक्यातून कंदील येतो तशी. झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्याशा जागी ती चाल धाकटीला सुचली होती. आता तिला वाटत होतं, ती तिथेच राहू द्यायला हवी होती. तिनं नाचाची चालसुद्धा बांधून ठेवली होती. ठेका फक्कड होता. तिला तो मुळीच आवडत नव्हता.

उद्यापासून नाच घेऊ, असं तिनं दादाला सांगून टाकलं. तिचा पडलेला चेहरा पाहून दादाला राहवलं नाही. दुकानात गिऱ्हाईक रिकाम्या हातानं उठलं, तर तो त्याला कधी अडवत नसे. दारापर्यंत सोडायला जाई आणि काय पसंत पडलं नाही ते गोडीनं विचारी. आज नाटकाच्या गिऱ्हाइकांनाही तेच विचारतो, तो म्हणाला. एरवी या वेळी तो तिकीट-खिडकीत बसलेला असे. आज पहिल्यांदाच गाणं सुरू होताना तो सभागृहाच्या दारात जाऊन उभा राहिला.

आता प्रयोग संपला, वादकांनी वाद्यं पुसून पेट्यांत ठेवली, तरी दादा परतला नव्हता. क्लॅरिनेटवाले काका म्हणाले, गिऱ्हाइकांनी धरून ठेवलेलं दिसतंय, बहुतेक पैसे परत मागताहेत. कोणी हसलं नाही. धाकटी पायऱ्या चढून बाहेरच्या दालनात आली.

काचेच्या उंच दारांतून तिरपं ऊन आत आलं होतं. त्या उन्हात माणसं पाण्याखाली असावीत तशी सावकाश हलत होती. कोणी वैतागलेलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून उभा असलेला एक आडदांड माणूस फोनवर सांगत होता, अगं, रागावलो नाहीये, नुसता आवाज ऐकायला केला. पायरीवर बसलेल्या एका बाईंना हसू आणि रडू एकदमच येत होतं, त्यामुळे फोनमध्ये धड काहीच बोलता येत नव्हतं. एक मुलगी फोन कानाशी धरून पुटपुटत होती, उचल ना, उचल. एक आजोबा, ज्यांच्याकडे फोन नव्हता, कोटाची दुसरी बाही न चढवताच बस गाठायला धावत सुटले होते.

टाळ्या वाजवायला कोणाचेच हात मोकळे नव्हते.

खांबाच्या आडोशाला दादा पाठमोरा उभा होता. त्याच्याही कानाशी फोन होता. नाचवाल्यांशी बोलत असेल, असं धाकटीला वाटलं. त्याला थांबवायला तिनं त्याच्या दंडाला हात लावला. त्यानं वळून ओठांवर बोट ठेवलं. त्याचे गाल ओले होते. फोनमधून कोणीतरी घसा खाकरला. ते खाकरणं तिनं लगेच ओळखलं. मधला.

"हो रे, तू म्हणालास तसंच झालं. पार बुडालो," दादा त्याला सांगत होता, आणि इतक्या आनंदात तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता. "उद्या शेवटचा प्रयोग. गाणं आहे तेच राहणार. तू फक्त ये."